लाकडाला लाकूड

गेरलिंडेने मेस्नरच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, गाठ ओढून पाहिली आणि तेवढ्यावर विश्वास न बसून त्याच्या हातांत जाड हातमोजेही चढवले.

“आता नाकही चिमटा, डॉक्टरीणबाई,” मेस्नर म्हणाला. “मला लाकडाचा वास येईल.”

“तोंड धुतलंत?”

“तो खारा ब्रेत्सेल-पाव खाल्ल्यावर? अर्थात.”

त्याच्या मिशीत मिठाचे दाणे तसेच होते. गावच्या माउथ ऑर्गन वाद्यवृंदाचा हा प्रमुख ‘नासपतीच्या लाकडाचा उबदार आवाज’ हे शब्द इतक्या भक्तिभावाने उच्चारी, की आवाजाला तापमान नसते हे त्याला सांगण्याचे कोणाला सुचले नव्हते. गेरलिंडेने सांगितले. ती ध्वनिशास्त्राची डॉक्टर होती आणि त्यावरच तिचे पोट होते. तिच्या मते माउथ ऑर्गनमध्ये गातात त्या पितळी पट्ट्यांवरच्या रीड, म्हणजे थरथरणाऱ्या पात्या, आणि त्यांतून जाणारी हवा. मधला दातेरी सांगाडा लाकडाचा असो की प्लास्टिकचा, तो केवळ खोल्या पाडून देतो. भिंतींना गाता येत असते, तर घरमालकांनी त्याचेही भाडे लावले असते.

वाद्यवृंदाला नवी वाद्ये घ्यायची होती. मेस्नरला फरक ओळखता आला तर नासपतीची, म्हणजे गेरलिंडेचा भाऊ ओटमार याने केलेली. नाही आला तर कारखान्यातली, प्लास्टिकची. नगरपरिषदेचा तसा ठराव होता. ही मागणी हुकली, तर ओटमारच्या कार्यशाळेला कुलूप लागणार होते. तरीही परीक्षा बहिणीवरच सोपवली गेली. ती भावासाठी आकडे फिरवील, अशी शंका तिचा दुस्वास करणाऱ्यांनाही आली नाही.

पट्ट्यांची जोडी एकच. शेजारच्या खोलीत ओटमार फासा टाकी. नासपती, प्लास्टिक किंवा पितळ, जो निघेल त्या सांगाड्यावर पट्ट्या स्क्रूंनी आवळी आणि सगळे काळ्या कवचात घालून दाराबाहेर ठेवी. आत काय आहे हे गेरलिंडेलाही कळत नसे. अट तिचीच होती. ती कवच स्टँडवर अडकवी, मेस्नर एक लांब सूर फुंकी आणि निकाल देई.

“नासपती! लोण्यासारखं.”

दुसऱ्या फेरीला, “पितळ. दात शिवशिवले.”

तिसऱ्या फेरीला त्याने तोंडच वाकडे केले. “शी! प्लास्टिक. दह्याच्या डब्यात फुंकल्यासारखं. असलं वाद्य करणाऱ्याच्या हातावर छडी मारायला हवी.”

दाराआड स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

फेऱ्या संपल्यावर गेरलिंडे क्रम विचारायला आत गेली. प्लास्टिकचा आणि पितळेचा, दोन्ही सांगाडे टेबलावर पडले होते. तिने प्लास्टिकचा उचलून उजेडात धरला. भोके गुळगुळीत होती. त्यांत एकही स्क्रू कधी फिरला नव्हता.

“ओटमार.”

“हातच होईना गं,” तो हळू आवाजात म्हणाला. “असल्या डबड्यावर माझ्या पट्ट्या? म्हटलं, लाकूडच देऊ. लाकडाला लाकूड तरी म्हणेल.”

“प्रत्येक वेळी तेच दिलंस?”

तो बोटाने टेबलावरचा भुसा गोळा करू लागला.

पट्टी कपाळावर सरकवून मेस्नर दारात येऊन उभा राहिला. “काय रे ओटमार, तिसरं प्लास्टिकच ना? खरं सांग.”

ओटमारने आधी बहिणीकडे पाहिले.

“हो साहेब.”

“आणि शेवटचंही?”

“तेही.”

“रद्दी की नाही?”

“रद्दीच, साहेब.”

“ऐकलंत, बाई? कान लागतो, कान!” मेस्नरने हातमोजा पुढे केला. “बघू तरी ते डबडं.”

“थांबा,” गेरलिंडे म्हणाली.

त्याच्याकडे पाठ करून तिने टेबलावरचा एक स्क्रू उचलला, भोकात बसवला, शेवटपर्यंत आवळला आणि उलटा फिरवून काढला. मग दुसऱ्या भोकात. आटे नीट पडल्याची उजेडात खात्री करून घेतल्यावरच तिने सांगाडा मेस्नरच्या हातात दिला.