आईच्या नावाचं पान

घरात तिला सगळे वकीलबाई म्हणत. पाच वर्षांची असल्यापासून ती कुठल्याही गोष्टीवर वाद घालून समोरच्याला गप्प करायची. आता शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती, पण वकिलीचं नाव काढत नव्हती. तिला घरांचे नकाशे काढायचे होते. शाळेतून मोजक्या मुलींनाच नकाशे काढणाऱ्यांच्या ऑफिसात महिनाभर काम शिकायला पाठवणार होते आणि त्यासाठी ‘स्वतःला ओळखा’ नावाचा चार पानी फॉर्म भरायचा होता. तीन पानं आपली आपण, चौथं आईने.

चौथं पान तिने घरी दाखवलंच नाही. आई तयार कपडे उसवून मापात बसवून देणाऱ्या दुकानात कामाला होती. ती काय लिहिणार? ‘मुलगी बरी आहे, पसारा फार करते.’ झालं मग, गेली जागा! तेव्हा वकीलबाईंनी स्वतःच अक्षर तिरकं करून आईच्या नावाने लिहिलं : ‘मी अडाणी बाई. जन्म सुईदोऱ्यात गेला. माझ्या हातून काहीच झालं नाही. माझ्या मुलीने माझ्यासारखं होऊ नये, एवढंच मागणं आहे.’ लिहून झाल्यावर तिने स्वतःचेच डोळे पुसले. खोटं लिहून स्वतःच गहिवरायचं, ही कला तिला कोणी शिकवली देव जाणे.

आठवड्याने शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी दोघींना बोलावलं. आई दुकानातून तशीच आली, गळ्यात मापाची टेप. दुकानात आईचा दरारा होता. आरशासमोर पोट आत घेऊन उभं राहिलेल्या गिऱ्हाइकाला ती सरळ सांगायची, “आधी खुर्चीत बसा, मग माप घेते. दिवसभर काय आरशासमोर उभे राहणार आहात?” तिने खडूची खूण केल्याशिवाय मालकसुद्धा कापडाला कात्री लावत नसे.

“तुमचं पान वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं,” मार्गदर्शक बाई म्हणाल्या, आणि चष्मा लावून त्यांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं.

आई ऐकत होती. ‘अडाणी’ या शब्दाला तिने एकदा लेकीकडे पाहिलं, मग नजर टेबलावर ठेवली ती उचललीच नाही.

“हे तुम्हीच लिहिलंय ना?”

“हो,” आई म्हणाली. “मीच.”

“पण स्वतःच्या कामाबद्दल इतकं वाईट का वाटतं तुम्हाला?”

बोलायचं तर आत्ताच, हे वकीलबाईंना कळत होतं. एरवी बसच्या कंडक्टरशी भांडणारी ही मुलगी मूग गिळून बसली. आई गळ्यातली टेप काढून बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“त्यात काय एवढं,” ती शेवटी म्हणाली. “सुईदोराच तो. कोणीही करेल.”

लेकीचे कान तापले. हे वाक्य आईच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं, आणि ते आईला म्हणायला लावलं होतं तिनेच. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत असतानाच मार्गदर्शक बाईंनी यादीत तिचं नाव लिहिलं आणि हसून तिचं अभिनंदन केलं.

जिन्यात आई रागावली असती तर बरं झालं असतं.

“पान दाखवायचंस तरी,” आई म्हणाली.

“तू काय लिहिलं असतंस?”

“खरं ते.” आई दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. “लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून बघायचीस. मला वाटायचं, तुला माझं काम आवडतं.” मग तिने घड्याळ पाहिलं. “जाते मी. एक कोट उसवून ठेवलाय, संध्याकाळी द्यायचाय.”

आई फाटकाबाहेर जाईपर्यंत वकीलबाई तिथेच उभी होती. इतकी लाज तिला आजवर कधी वाटली नव्हती. मग ती पळतच वर गेली. मार्गदर्शक बाईंसमोर आता दुसरी मुलगी आणि तिचे आईवडील बसले होते. त्यांच्यादेखतच तिने सांगून टाकलं.

“ते पान मी लिहिलं. आईला माहीतही नव्हतं. तिला तिचं काम फार आवडतं. ती मघाशी खोटं बोलली, मला वाचवायला.”

दुसऱ्या मुलीच्या आईने तोंडाला पदर लावला. मार्गदर्शक बाईंनी यादी पुढे ओढली आणि पेनाने तिचं नाव खोडलं. ते एक बरं झालं, आता रडता तरी येईल, असं तिला वाटलं. पण बाईंनी ते चौथं पानही समोर घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“म्हणजे तुझ्या आईला असं काही वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “मग हे वाटतं कोणाला?”

सगळे तिच्याकडे बघत होते.

“मला,” ती म्हणाली.