मायेने घासलेली मोहोर

आता पाहून ओळख पटणार नाही, पण मी सोन्याची मोहोर बोलतेय. हळू बोलते, चारशे वर्षांत फार दमलेय.

टाकसाळीत मला खालच्या ठशावर ठेवलं, वर दुसरा ठसा धरला आणि हातोड्याचा एकच घाव घातला. एका बाजूला राजा उमटला, दुसऱ्या बाजूला सिंह. ठसा कोरणाऱ्याने सिंह जन्मात पाहिला नसावा. तो थेट शेजारच्या बोक्यासारखा दिसायचा. तरी लोक घाबरायचे. राजे गेले, राज्यं बुडाली, मी मात्र या कनवटीतून त्या कनवटीला जात राहिले.

शेवटी एका निवृत्त मास्तरांच्या कपाटात आले. मास्तर मला नेहमी कडेने धरत, राजाच्या तोंडाला बोट लागू देत नसत. दर रविवारी त्यांचे मित्र, दातांचे डॉक्टर, भिंग घेऊन येत.

"मुकुट म्हणजे सत्ता, तलवार म्हणजे न्याय," मास्तर सांगत.

"आणि बोका म्हणजे?" डॉक्टर विचारत.

तीस वर्षं हाच विनोद, आणि तीस वर्षं दोघं त्यावर हसत.

मग मास्तर महिनाभर इस्पितळात पडले. ते परत येतील तेव्हा मी लखलखावी म्हणून त्यांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, मला रोज भांड्यांची पावडर लावून तारेच्या घासणीने घासलं. मायेनेच घासलं हो. पण मी पडले मऊ सोन्याची. मुकुट गेला, तलवार गेली, बोक्याच्या मिशासुद्धा गेल्या.

मास्तर घरी आले, मला भिंगाखाली धरलं आणि पांढरेफटक पडले.

"ही माझी नव्हे. कोणी बदलली?"

"मध्ये डॉक्टर येऊन पाहून गेले होते," बाई घाबरून बोलून गेल्या.

तेवढं पुरलं. फोनवर मास्तर मित्राला नको नको ते बोलले. डॉक्टर यायचे बंद झाले. मी मास्तरांच्या मुठीत, आणि ते मलाच कपाटभर शोधतायत! जीव अगदी विटला.

परवा बाईंना राहवलं नाही. "अहो, कोणी नेली नाही. मीच घासली."

मास्तरांनी मला अलगद कपाटात ठेवलं. मग म्हणाले, "फोन लाव त्याला."

"लावते. पण बोलायचं तुम्ही."

घंटा वाजत राहिली. पलीकडून कोणी उचलला नाही. काल नाही, आजही नाही.

डॉक्टर, एकदा उचला. राजा पुसला गेला, त्याचं मला काही नाही. पण हा म्हातारा फोन कानाशी धरून उभा राहतो, ते मला बघवत नाही.