दाराचे क्रियापद

मी एक लाल-निळी पेन्सिल आहे. 'होते' म्हणणे अधिक अचूक ठरले असते, कारण आता माझी लांबी करंगळीएवढीही उरलेली नाही. पण ज्या हातांत माझे आयुष्य गेले त्यांनी मला भूतकाळ जपून वापरायला शिकवले. पटकथेत सगळे वर्तमानकाळात घडते. मेलेला माणूससुद्धा तिथे येतो, बसतो, उठतो.

माझा जन्म कारखान्यातला, तेव्हा कुळाविषयी सांगण्यासारखे काही नाही. लाकडाच्या दोन पट्ट्या, त्यांतल्या खोबणीत अर्धे लाल शिसे आणि अर्धे निळे, वरून डिंक आणि दाब. लाल कुठे संपते आणि निळे कुठे सुरू होते, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही. दुकानात मला शिक्षकांसाठी ठेवले होते. विकत घेतले ते थोरलीने. ती पटकथा लिहीत असे आणि पटकथालेखन शिकवतही असे, त्यामुळे दुकानदाराचा अंदाज निम्मा बरोबर ठरला.

थोरलीची एक सख्खी बहीण होती, धाकटी. मालिकांचे संवाद लिहिता लिहिता ती विटली होती. दोघींनी मिळून एका चित्रपटाची पटकथा करायला घेतली, आणि लिहायला बसायच्या त्या आईच्या घरी, स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर. आई तिथेच ओट्यापाशी तिचे काम करत असे. धाकटीने मसुदा लिहायचा, थोरलीने तो तपासायचा. खोडायचे ते लाल टोकाने, घालायचे ते निळ्याने. थोड्याच दिवसांत माझी लाल बाजू निम्म्यावर आली आणि निळी जवळजवळ होती तशीच राहिली. टेबलावर सत्ता कोणाची होती हे यावरून कळावे.

थोरलीचे नियम थोडे होते, पण त्यांना अपवाद नव्हता. वर्णनात विशेषण नको. 'जणू' नको. 'त्याला आठवते' नको, कारण आठवण कोणाला दिसत नाही. एकदा धाकटीने लिहिले, 'त्याच्या मनात विचारांचे काहूर माजते.'

"काहूर," थोरली म्हणाली. "कॅमेरा कुठे ठेवायचा ते सांग. कानात?"

"वाचणाऱ्याला कळतं गं, ताई."

"वाचणाऱ्यासाठी कादंबरी लिही. इथे जे दिसतं आणि जे ऐकू येतं, तेवढंच."

"मग काय लिहू? 'तो खुर्चीत बसतो'?"

"कसा बसतो? खुर्ची ओढून, की आधीच ओढलेल्या खुर्चीत? आणि आधीच ओढलेली असेल तर ती कोणी ओढली?"

"लिहायचं चिमणीच्या दाताएवढं आणि त्यावर बोलायचं हत्तीएवढं," धाकटी म्हणाली. "तुझ्या विद्यार्थ्यांची मला दया येते."

"त्यांना तुझ्या मालिका बघायला लावते कधीकधी. शिक्षा म्हणून."

ओट्यापाशी आई हसली. "भांडा हवं तेवढं, पण टेबलावर भुसा सांडू नका पेन्सिलीचा."

मी या वादात तटस्थ होते असा दावा करणार नाही. थोरलीने 'सावकाश उठतो' हे शब्द खोडून 'टेबलाला हात टेकून उठतो' असे लिहिले, तेव्हा त्या माणसाचा गुडघा माझ्यादेखत दुखू लागला. पण खोडता खोडता काही पानांवर माणसेच उरली नाहीत, नुसत्या हालचाली उरल्या, हेही मी पाहिले. अशी पाने धाकटी मुकाट्याने उलटी करून ठेवत असे.

ती पटकथा त्यांच्या वडिलांविषयी होती. वडील जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करीत. घरामागच्या एका खोलीत त्यांचे काम चाले. तिथे स्पिरिटचे डबे, लाखेचे पापुद्रे, चिंध्यांची बोचकी आणि सरस तापवायची शेगडी असे. दोघी मुली शाळकरी वयाच्या असताना एका दुपारी त्या खोलीला आग लागली आणि वडील आतच राहिले. आई बाहेरून परतली तेव्हा खोली पेटलेली होती. शेजारी धावत आले त्यांना ती एवढेच म्हणाली, की दार बंद होते. त्यानंतर या विषयावर ती कधी बोलली नाही आणि मुलींनीही तिला कधी विचारले नाही.

त्या एका वाक्यावर दोघींनी दोन वेगळी आयुष्ये उभारली. थोरलीच्या मते वडिलांनी आतून कडी घातली होती. ते पीत होते, खचले होते आणि त्यांनी ठरवून सगळ्यांना मागे टाकले. शब्दांवरचा तिचा कडक पहारा मला वाटते त्याच रागातून आला होता. धाकटीच्या मते तो अपघात होता. दार नुसते लोटलेले होते, ते उष्णतेने अडकले, बाबांनी यायचा प्रयत्न केला असणारच. 'असणारच' हा शब्द ती नेहमी थोडा मोठ्याने म्हणायची.

गोष्टीत हे झाकून नेता येते. पटकथेत येत नाही. तिथे माणूस खोलीत जातो आणि दाराचे काहीतरी करतो. ते काय, हे लिहावेच लागते. धाकटीने लिहिले, 'बाबा आत जातात. दार लोटतात.' थोरलीने 'लोटतात' खोडले आणि वर निळ्याने लिहिले, 'कडी घालतात.' दुसऱ्या दिवशी धाकटीने मला उचलले आणि त्यावर लाल रेघ मारली. मग पुन्हा थोरलीने. त्या ओळीवरचा कागद घासून घासून लव आल्यासारखा झाला.

"लोटलेलं दार बोटाने उघडतं," थोरली म्हणाली. "मग ते का उघडलं नाही?"

"अडकलं."

"अडकलेलं कसं दाखवशील? आत तर कॅमेरा नाहीये आपला."

"नाही दाखवत. लोकांना ठरवू दे."

"लोकांना नाही ठरवायचंय, चिमे. तुला नाही ठरवायचंय."

"आणि तू ठरवून बसली आहेस. तुला बाबा गुन्हेगारच हवेत."

असे बरेच दिवस चालले. मग दिग्दर्शकाचा फोन आला. थोरलीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. "मॅडम, सेटवरचा सुतार हातावर हात ठेवून बसलाय. त्या दाराला आतून कडी लावायची की कडीच नको, तेवढं सांगून टाका. उद्या दार रंगात जायचंय."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मालिकेतल्या एका परिचारिकेचे संवाद लिहिण्यासाठी धाकटी रुग्णालयात जाऊन बसली होती. कुलूप कसे फोडतात हे पाहायला थोरलीने किल्ल्या बनवणाऱ्याची पाठ धरली होती. पण या एका दाराविषयी त्यांनी हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या बाईला विचारले नव्हते. आईला त्रास नको, हे कारण दोघी देत. मला ते पूर्ण पटत नाही. स्वतःचे उत्तर गमावायची तयारी दोघींपैकी कोणाचीच नव्हती.

"आई," थोरली शेवटी म्हणाली, "बाबांच्या खोलीच्या दाराला आतली कडी कशी होती? आडवी की उभी?"

आई वाटाणे सोलत होती. "आतून कुठे होती कडी?"

"म्हणजे?"

"आधी कोठीची खोली होती ना ती. कोठीला आतून कडी कशाला लावतील? धान्याच्या पोत्यांना लाज वाटते म्हणून?"

धाकटीचा चेहरा उजळला. "बघ, ताई. नुसतं लोटलेलं होतं. मी काय सांगत होते?"

थोरलीने मात्र मला हातातून खाली ठेवले. तिच्या शिकवण्यात एक सवय होती, एका हालचालीनंतर पुढची विचारायची. ती सवय तिला त्या क्षणी आवरली असती तर बरे झाले असते.

"मग बाबा बाहेर का नाही आले?"

आईने हातातली शेंग उकलली. दाणे भांड्यात पडले. "बाहेरून होती ना कडी."

"कोणी घातली?"

"कोण घालणार? मीच. रोज घालायचे. दुपारी हे मोकळे सुटले की दारूच्या दुकानाकडे वळायचे, मग गिऱ्हाइकाचं काम तसंच पडून. मी चिमीला शाळेतून आणायला निघाले की कडी घालायची, आले की काढायची. चोरून नव्हते घालत. त्यांना माहीत होतं. आतून म्हणायचे कधीकधी, 'घातलीस का गं? बरं केलंस, आता निवांत काम होईल.'"

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीही घातली."

धाकटी हळू आवाजात म्हणाली, "मला आणायला गेली होतीस."

"मग कोणाला?" आई म्हणाली, आणि सालपटे गोळा करून मागच्या दारी गेली.

आई गेल्यावर दोघी हलक्या आवाजात भांडल्या. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत वाईट भांडण होते, कारण त्यात दोघींनाही जिंकायचे नव्हते.

"हे लिहायचं नाही," धाकटी म्हणाली. "ती जिवंत आहे. लोक तिच्याकडे बघतील."

"मग काय लिहायचं?"

"लोटतात. विषय संपला."

"ते खोटं आहे आता."

"तुझं 'कडी घालतात' पण खोटंच निघालं ना? इतकी वर्षं बरी जगलीस त्यावर."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मला आत्ताही माहीत नको होतं. तुला कोणी सांगितलं होतं पुढचा प्रश्न विचारायला?"

थोरलीने मला उचलले, ती फाटायला आलेली ओळ पूर्ण खोडली आणि खाली निळ्याने लिहिले, 'बाबा आत जातात. दार बंद आहे.' विद्यार्थ्याने असे वाक्य लिहिले असते तर तिने वही परत केली असती. धाकटीने ते वाचले, पण खोडायला मला उचलले नाही. इतक्या दिवसांत दोघींचे एकमत झालेले ते पहिलेच वाक्य होते.

आई परत आली, हात पुसले आणि खुर्चीत बसली. "वाच बघू काय लिहिलंस ते."

"राहू दे, आई."

"वाच."

थोरलीने वाचले.

"ते आत गेले आणि दार आपोआप बंद झालं?"

"तसं चालतं गं कधीकधी," थोरली म्हणाली.

"चालत नाही. रोज ऐकते मी तुमचं. खुर्ची कोणी ओढली म्हणून इथे तासभर भांडलात, आणि दार कोणी लावलं ते नको? लिही. 'आई बाहेरून कडी घालते.'"

"आई, पडद्यावर येईल ते," धाकटी म्हणाली. "सगळे बघतील."

"मी एकटीच बघते आहे इतकी वर्षं."

थोरलीने लिहिले. तिची बोटे माझ्याभोवती इतकी आवळली गेली की मी तिथेच मोडेन असे मला वाटले.

"पुढे 'दोन्ही हातांनी' घाल," आई म्हणाली.

"कशाला?"

"घट्ट होती ती. एका हाताने बसायची नाही. हातातली पिशवी खाली ठेवावी लागायची, मग दोन्ही हातांनी जोर करून. चुकून लागण्यातली नव्हती. तसंच दिसू दे."

थोरलीने तेही लिहिले. कॅमेऱ्याला दिसेल असेच ते होते, एकही शब्द जास्त नव्हता. तिच्या नियमांत इतके चोख बसणारे वाक्य त्या पटकथेत दुसरे नाही. धाकटी उठली, पर्स खांद्याला लावली आणि गेली. आईने तिला हाक मारली नाही.

थोरलीने दिग्दर्शकाला फोन केला आणि कडी बाहेरून लावायला सांगितली. "बाहेरून? बरं," तो म्हणाला आणि सुताराला हाक मारायला वळला. इतके सोपे होते ते.

आता त्या चित्रपटाचे चित्रीकरण कुठेतरी चालू आहे. माझी गरज संपली आहे. औषधांच्या गोळ्या आणि चष्म्याची डबी यांच्याशेजारी, टेबलाच्या एका कडेला मी पडून असते. वडिलांवर इतकी वर्षे रागावलेली थोरली दर रविवारी येते. तो राग कुठे ठेवावा हे तिला अजून सापडलेले नाही. ती आईच्या गोळ्या मोजून देते आणि बसून राहते. वडिलांवर माया करणारी धाकटी मात्र त्या दिवसानंतर आलेली नाही. आईला माफ करणे जड जाते आहे, की आपल्याला आणायला जाताना ती कडी घातली गेली हे सोसत नाही, याचा निर्णय मी देणार नाही. मनातले लिहायचे नाही, हे मला शिकवलेले आहे.

"धाकटी येणार आहे का या आठवड्यात?" आई दर वेळी विचारते.

"बघू," थोरली म्हणते. हा शब्द तिने कोणाच्याही संवादात टिकू दिला नसता.

जाता जाता माझी एक विनंती आहे. मला आता टोक करू नका. एवढीशी पेन्सिल हातात नीट धरताही येत नाही. या घरात सांगायचे राहिलेले जे काही आहे ते धाकटीचे आहे. ते तिने येऊन सांगावे, तिच्या पद्धतीने, काहुरासकट आणि सगळ्या विशेषणांसकट. थोरली त्यातले काहीही खोडणार नाही. तिची बोटे मी ओळखते.