भारी पाय

"हल्लू रे प्रशांत, हल्लू. पाय दाबायचा नसतो, ठेवायचा असतो. निजलेल्या लेकराच्या अंगावर आपण हात ठेवतो ना, तसा."

हा बाबांचा आवाज अकरा वर्षांपूर्वीचा. रविवारची सकाळ, विद्यापीठाच्या आतला झाडांचा रस्ता, नवी कोरी पांढरी गाडी, स्टिअरिंगवर मी आणि शेजारी ते. हल्लू, म्हणजे हळू, हा शब्द मराठी नाही हे मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या नल्लकुंट्याच्या घरात दूध हल्लू तापायचं, दार हल्लू लागायचं, आणि मुलांना रागवायचं तेही हल्लूच.

बाबा, म्हणजे लक्ष्मणराव, सिकंदराबादला डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर होते. लोक भिंतीवर देवाचे फोटो लावतात, आमच्याकडे देवाच्या शेजारी डिझेल बचतीचं प्रशस्तिपत्र होतं. निवृत्तीनंतर त्यांनी ही गाडी घेतली आणि आगगाडीची सगळी शिस्त तिला लावली. पेट्रोल एकाच पंपावर, एकाच मशीनवर, उन्हं चढायच्या आत. नळी पहिल्यांदा खट्ट करून थांबली की बस, वर एक थेंब नाही. मग किती किलोमीटर झाले आणि किती लिटर गेलं याचा भागाकार उभ्या उभ्या तोंडी. घरी आलं की तो आकडा स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीनं. एकाच चौकोनात वर आईचा दुधाचा खाडा आणि खाली बाबांचा एव्हरेज. सतरा दोन. सतरा चार. दहा वर्षं हे आकडे सतराच्या उंबऱ्यावर बसून राहिले होते.

आई देगलूरकडची. ओव्या जोडायची तिला लहानपणापासून सवय. जातं मागं राहिलं तशी ती गाडीच्या मागच्या सीटवर बसून ओव्या जोडू लागली. दर शनिवारी बाबा तिला तारनाक्याला कुसुमताईकडे, म्हणजे माझ्या मावशीकडे, घेऊन जायचे. मावशीला आईच्या हातचंच दही लागतं. मांडीवर काठोकाठ भरलेलं दह्याचं पातेलं, वर नुसती एक ताटली, आणि ओठांत ही ओवी:

*हल्लू हाका गाडी, मांडीवर माझ्या दही*
*धन्याच्या पायाखाली, रस्त्याला जाग नाही*

बाबा समोर बघत म्हणायचे, पुरे आता, लाजवतेस काय. पण आरशात त्यांच्या मिशा हसताना दिसायच्या.

मी जे केलं ते गेल्या डिसेंबरात. ऑफिसातले पाचसहा जण तीन गाड्या करून अनंतगिरीला गेलो होतो. घाटात मी चालवत होतो ती बाबांची गाडी मागं पडली. वरच्या वळणावर सगळे थांबले होते, आणि माझ्याच टीममधला पुण्याचा हर्षद, मी काच खाली केल्याबरोबर म्हणाला, "आली रे काकांची गाडी. एव्हरेज किती पडला, काका?" सगळे हसले. मीही हसलो. नुसता हसलोच नाही, तर बाबांच्या दिनदर्शिकेची, पेन्सिलीची, त्या खट्ट आवाजाची नक्कल करून दाखवली. पोट धरून हसले सगळे. उतरताना मला स्वतःच्याच तोंडाची चव नको झाली होती, पण राग आला तो गाडीचा.

पुढच्याच आठवड्यात आईबाबा लग्नाला देगलूरला गेले, दहा दिवसांसाठी. हर्षदनं दाखवलेल्या मलकपेटच्या एका गॅरेजात मी गाडी नेली. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं हे ठरवणारा एक छोटा संगणक असतो. गॅरेजवाल्या मुनीरभाईनं त्याला लॅपटॉप जोडून त्यातलं गणितच बदललं. हवेचा फिल्टर बदलला. टायर एक माप रुंद घातले. मी विचारलं, एव्हरेज? मुनीरभाई खरं तेच बोलला. म्हणाला, "साब, पिकअप देखो. एव्हरेज नक्को देखो."

तो नक्को ऐकून मला हसू आलं होतं. आपलाच नको, टोपी घालून उभा राहिलेला.

बाबा परतले, टायर त्यांना दिसलेच. मी म्हणालो, जुने झिजले होते, आता हेच माप मिळतं. त्यांनी टायरवर हात फिरवला आणि म्हणाले, बरं केलंस. संगणकाचं मी बोललो नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं मनाशी म्हटलं.

पहिल्याच शनिवारी दही सांडलं.

बाबांनी नेहमीसारखा पाय ठेवला आणि गाडीनं उडी मारली. ताटली घरंगळली, आईच्या इरकलीवर दह्याचा ओघळ. आई पदरानं पुसत राहिली. बाबा मात्र गाडी कडेला घेऊन आपल्या उजव्या पायाकडे बघत होते. हे मला आईनं नंतर सांगितलं, कपडे घड्या करता करता, सहज.

मग आकडे उतरायला लागले. पंधरा. चौदा तीन. तेरा आठ. पेन्सिल तीच, अक्षर तेच, फक्त प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा जरा बारीक लिहिलेला, कुणाला दिसू नये असा. बाबांनी टायरची हवा तपासली, प्लग साफ करून आणले, एसी बंद केला. घामानं निथळत घरी यायचे. एकदा एकटेच बिदरच्या रस्त्यावर जाऊन आले, कडेच्या दगडांवरून अंतर ताडून बघायला. दगड सांगत होते शंभर, गाडी सांगत होती सत्त्याण्णव. मला कारण माहीत होतं. मुनीरभाईनं घातलेले टायर घेरानंही थोडे मोठे होते. त्यांच्या एका फेऱ्यात रस्ता जास्त सरतो, आणि गाडी बिचारी जुन्याच हिशेबानं फेरे मोजते. बाबांना हे कुठून माहीत असणार? ज्या माणसानं पस्तीस वर्षं धावत्या इंजिनातून किलोमीटरचे दगड वाचले, तो संध्याकाळी मला म्हणाला, पहिला दगड वाचण्यात माझीच चूक झाली असेल.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "प्रशांत, माझा पाय भारी झालाय का रे?"

आईनं लगेच टोकलं, "अहो, पाय भारी बायकांचे होतात. ह्या वयात काय बारसं करायला लावता?"

तिला वाटलं आम्ही हसू. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना साखर आहे, पायाच्या बोटांना मुंग्या येतात, हे मला ठाऊक होतं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे घाट सांगावा लागला असता, ते हसणं सांगावं लागलं असतं, मी केलेली नक्कल सांगावी लागली असती. मी भाकरी मोडली आणि म्हणालो, "होत असेल बाबा. वयानं होतं तसं."

हे वाक्य मी बोललो. इंजिनातलं गणित मुनीरभाईनं बदललं होतं, हे मात्र माझ्या तोंडचं.

दुसऱ्या आठवड्यात ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून तळव्याला बारीक दोरा टेकवून पाहिला. वयाच्या मानानं ठीक आहे, म्हणाले. बाबांनी त्यातलं वय तेवढं घरी आणलं. गाडीची किल्ली देवाजवळच्या खुंटीला अडकवली. रोज सकाळी फडकं घेऊन गाडी पुसायला खाली जायचे, तेही थांबलं. येत्या जूनमध्ये लायसन्सचं नूतनीकरण करायचं होतं. म्हणाले, नक्को आता. शनिवारी आईबाबा ऑटोनं जाऊ लागले. आई पातेल्याऐवजी झाकणाचा डबा नेऊ लागली, आणि ऑटोत चढताना गुडघ्यावर हात ठेवून जरा थांबू लागली.

मला वाटलं, गाडी पहिल्यासारखी केली की सगळं पहिल्यासारखं होईल, आणि बोलावं लागणार नाही. गुपचूप मलकपेटला गेलो. मुनीरभाईनं जुनं गणित परत भरलं, फिल्टर काढला, टायर मूळ मापाचे घातले. साब, दिल भर गया क्या, असं त्यानं विचारलं. मी मान हलवली.

घरी येऊन बाबांना म्हटलं, एकदा चालवून तर बघा. ते म्हणाले, गाडीला काय झालंय? गाडी ठणठणीत आहे. मी रोज काही ना काही निमित्त काढलं, त्यांनी रोज हसून टाळलं. शेवटी म्हणाले, तूच ने आम्हाला शनिवारी. पेट्रोल मात्र माझ्या पद्धतीनं भर, बघू तुझा किती पडतो.

मी तसं भरलं. एक टाकी झाली, दुसरी झाली. मे महिना, ऊन मी म्हणत होतं. आईसाठी एसी सतत चालू. तरीही काल सकाळी विद्यानगरच्या पंपावर नळी खट्ट करून थांबली तेव्हा बाबा शेजारच्या सीटवरून उतरले, मशीनवरचा आकडा वाचला, आकाशाकडे बघून भागाकार केला. दोनदा केला. मग खिडकीशी वाकून म्हणाले, "सोळा नऊ. एसी लावून. प्रशांत, हे सतराच धर."

त्यांचा चेहरा उजळला होता, आणि ते मला बघवेना. गेल्या पाच महिन्यांत मी त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं.

गाडीत बसून त्यांनी पट्टा लावला. आम्ही निघालो. तारनाक्याच्या वाटेनं ते बोलत होते, फार दिवसांनी मोकळे. म्हणाले, गाडी तीच, पेट्रोल तेच, पंप तोच. माझ्या हातात तेरा, तुझ्या हातात सतरा. आता शंका राहिली नाही. मला आपलं मधूनमधून वाटायचं की गाडीचंच काही असेल, उगीच तिला दोष देत होतो. बरं झालं, कळलं तरी. मी शिकवलेलं तू विसरला नाहीस, तेवढं पुष्कळ आहे. मग त्यांनी खणातून टायरची हवा मोजायचं ते जुनं पितळी माप काढलं. त्यांच्या सोबत्यांनी निरोपाला दिलेलं, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते माझ्यापुढच्या कप्प्यात हल्लूच ठेवलं आणि म्हणाले, गाडी आता तुझ्या नावावर करून टाकू.

मी चोरीचा माल परत आणून ठेवला होता, आणि ते चोरालाच बक्षीस देत होते. माझी दुरुस्ती त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाली होती. त्यांचा उजवा पाय समोरच्या मोकळ्या जागेत, जिथं पेडलच नव्हतं तिथं, ठेवलेला होता. सिग्नल आला की तो अलगद दबायचा, सुटला की अलगद उठायचा. माझ्या पायाच्या अर्धा क्षण आधी. इतका हलका पाय मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

मागं आईनं काल पातेलं आणलं होतं. डबा नाही, पातेलं, वर नुसती ताटली. बऱ्याच दिवसांनी तिच्या ओठांत काहीतरी हललं. आरशात मला ती दिसत होती, खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच जुळवत.

*हल्लू हाका गाडी, मांडीवर माझ्या दही*
*लेकाच्या पायाखाली…*

बाबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादा आपली जागा दुसऱ्याला देऊन उभा राहतो आणि वर हसून दाखवतो, तसे हसले. म्हणाले, "बरोबर आहे. बदलायलाच हवं ते."

ओवीचा शेवट ऐकायची माझ्यात ताकद नव्हती. मी गाडी कडेला घेतली, एका बंद दुकानाच्या सावलीत. इंजिन बंद केलं. आई म्हणाली, काय झालं, दही नाही सांडलं रे. बाबांनी सवयीनं आधीच काट्याकडे पाहून घेतलं होतं, तापमान ठीक होतं.

मी स्टिअरिंग सोडलं नाही. सोडलं असतं तर हात कुठं ठेवायचे ते कळलं नसतं. ते पितळी माप उचलून त्यांच्या मांडीवर ठेवायला तेवढा एक हात काढला.

"आई, ओवी बदलू नको," मी म्हणालो. "बाबा, तुमचा पाय भारी नव्हता. तुम्ही लग्नाला गेला होतात तेव्हा मी गाडीच्या इंजिनातलं गणित बदलून आणलं होतं, चार लोक हसले म्हणून. टायरपण त्यातलेच. तेरा आकडा माझा आहे. दगड तुम्ही बरोबर वाचला होता. आता सतरा पडतोय तो मी सगळं गुपचूप काढून टाकलं म्हणून, माझ्या पायामुळं नाही. आणि त्या दिवशी जेवताना तुम्ही मला विचारलंत ना, तेव्हा मला हे सगळं माहीत होतं बाबा. माहीत असून मी म्हणालो, वयानं होतं."