मोरीमागचा निळा गळा

अर्ध्या गावाला आपल्यामुळे दिसतं, असा चष्मेवाल्यांचा समज होता आणि तो अगदीच खोटा नव्हता. पक्षीमंडळात मात्र त्यांना कुणी हिंग लावून विचारत नसे. दर वसंतात पक्षी उत्तरेकडे परतू लागले की सभासद शनिवार-रविवार घराच्या आसपासच हिंडत. निळ्या गळ्याचा चिमुकला पाहुणा ज्याला आधी दिसेल, त्याचं नाव वर्षभर नोंदवहीच्या पहिल्या पानावर. सलग तीन वर्षं तिथे त्यांच्या साडूंचं नाव होतं. तिसऱ्या वेळी साडूंनी तो एकट्यानेच पाहिला, तेव्हा चष्मेवाल्यांनी सभा डोक्यावर घेऊन नियम करून घेतला: शेजारी उभ्या सभासदाने पाहून सही केल्याशिवाय पक्षी नोंदीत धरायचा नाही.

शनिवारी ते दिवसभर तळ्याकाठच्या गवतात दबा धरून बसले. गुडघाभर चिखल, डासांची चंगळ आणि समोर एक कावळा. संध्याकाळी कळलं की साडूंनाही काही दिसलेलं नाही. तेवढ्यावर त्यांना गाढ झोप लागली.

रविवारी पाय उचलेनात. बायको मोरीत त्यांची पँट घासत होती. कशासाठी ही मरमर, असं तिने विचारलं, तेव्हा त्यांनी उपकार केल्यासारखं पक्ष्याचं वर्णन केलं.

"तो होय," ती म्हणाली. "मागे सांडपाण्यावर येतो. आठ दिवस झाले."

ते खिडकीशी धावले. चार हातांवर, ओल्या मातीत तो शेपटी उडवत किडे टिपत होता. चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले. मग नियम आठवला. सहीला साडूंना बोलवायचं म्हणजे मांजराला दुधाची राखण. त्यांनी पिशवीतून सभासदत्वाचा अर्ज काढला. पाच वर्षांपूर्वी तिने तो मागितला होता, तेव्हा घरची कामं कोण करणार म्हणून त्यांनीच तो हाणून पाडला होता. आता तिने साबणाच्या हाताने सही केली. त्यांनी वहीत आपलं नाव लिहिलं आणि खाली साक्षीदाराच्या सहीच्या जागी बोट ठेवलं.

तिने हात पुसले, वहीतला नियम पहिल्यापासून वाचला आणि म्हणाली, "मी तर आठ दिवस बघतेय."

सभासद झाल्यावर पाहिलेलंच धरतात, असं त्यांनी समजावलं.

"मग मी सभासद झाल्यावर आपण कुठे पाहिला?"

त्यांनी बाहेर पाहिलं. पक्षी नव्हता.

दोघं खिडकीशी उभे राहिले. दुपार होत आली. ते दुर्बिणीतून कुंपण धुंडाळत होते, तेवढ्यात तिने त्यांच्या कोपराला हलकेच बोट लावलं. पक्षी सांडपाण्याच्या नळाखाली होता. बराच वेळ दोघं पाहत राहिले. इतक्या वर्षांत आपण दोघांनी मिळून काही पाहिलं कधी, हे चष्मेवाल्यांना आठवेना आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी आपलं नाव खोडलं, तिचं लिहिलं आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली. साडूंना फोन करायचं राहूनच गेलं.