उन्हाबरोबर येणारा देव

पाय धुवायच्या नळापाशी रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाला घाई होती. पत्र्याच्या त्या शेडमध्ये मधोमध एक लोखंडी खांब. पाय धुवायचे, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहायचं आणि खांबाला तळवा टेकवायचा. टेकवला रे टेकवला की बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या. हमाली करणारा एक दांडगा गडी खांब धरून लहान पोरासारखा रडत होता. म्हाताऱ्या खांबालाच हात जोडत होत्या. हे सगळं दिवसाउजेडी बरं का. ऊन उतरलं की खांब आपला गार पडायचा.

पलीकडे लाकडी चौरंगावर किरणबाबा बसलेले, तोंडाचा पट्टा चालू.

"ओलं पाऊल म्हणजे शुद्ध पाऊल. चपला घातलेल्याला देव ओळखत नाही. आणि संध्याकाळी देव विश्रांती घेतो. दिवसभर राबतो, त्यालाही जीव आहे की नाही?"

देवाला ही ड्यूटी कोणी लावून दिली, हे विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती.

रांगेच्या शेवटी गाड्यांची कव्हरं शिवणारी बाई लेकीला कडेवर घेऊन उभी होती. लेक आता काही कडेवर घ्यायच्या वयाची राहिली नव्हती. पण गेल्या वर्षीच्या तापात पोरीचे पाय गेले ते गेलेच. डॉक्टरांनी व्यायाम लावून दिला होता आणि सांगितलं होतं, "रोज करा, कंटाळू नका. उभी राहीलच असं वचन मात्र देत नाही." ते 'वचन देत नाही' आईच्या काळजात रुतून बसलं होतं. मशीनवर बसली तरी तेच, ताटावर बसली तरी तेच. आणि परवा याच खांबाला लेकीने हात लावला, तेव्हा तिचा उजवा पाय हलला होता. आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी येऊन तिने व्यायामाचा पट्टा गुंडाळला आणि माळ्यावर फेकून दिला.

"भर दुपारी आण तिला," बाबा म्हणाले होते. "अंग भिजवून खांबाला बांधू. ऊन माथ्यावर आलं की देव पुरता उतरतो. पोरगी चालत घरी जाईल."

ती दुपार आज होती. लेकीच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना हे कळलं तशा त्या धावतपळत आल्या होत्या.

"मुंग्या ऊन असतानाच येतात ना?" बाईंनी हळू आवाजात विचारलं. "आणि ओल्या पायांनीच?"

"मग काय झालं?"

"वर छपरावर सोलर पॅनेल आहेत. बाबांनीच बसवून घेतलेत, पंख्यांसाठी. त्यांची वायर पत्र्याच्या धारेवर कुठेतरी सोलवटली असणार. पत्र्यात करंट, पत्र्यातून खांबात. अर्थिंग केलेलं दिसत नाही, म्हणून तो माणसातून जमिनीत जातोय. आज मुंग्यांवर भागतंय. भिजवून बांधलंत तर काळीज बंद पडेल तिचं."

"बाई, तिचा पाय हलला."

"करंटने मेलेल्या बेडकाचाही हलतो."

बोलल्या आणि बाईंनी जीभ चावली. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"एवढी एकच आशा होती हो माझ्याकडे," ती म्हणाली. "तीही काढून घेता?"

"आधी खात्री करू," एवढंच बाई म्हणाल्या. "पॅनेल झाकायचे. देव असेल तर राहील."

आईच्या पिशवीत ट्रकवाल्यासाठी शिवलेली जाड ताडपत्री होती. तिने लेकीला बाईंच्या कडेवर दिलं, रबरी चपला पायात सरकवल्या आणि शेडमागच्या लाकडी शिडीवर चढली. चढताना ती मनात एकच घोकत होती, बाई चुकू देत, माझ्या पोरीसाठी एवढं एक खोटं खरं होऊ दे.

पत्र्याच्या कडेला पोचली आणि तिला ती काळी वायर दिसली. धारेवर ओढून नेलेली, साल फाटलेली, आतलं तांबं पत्र्याला टेकलेलं. शिवणकाम करणाऱ्या बाईला घासून फाटलेली जागा ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. तिने डोळे पुसले आणि पॅनेलवर ताडपत्री ओढली.

खाली गडबड उडाली. हमाल खांब चाचपत होता. "गेला की हो. काहीच येईना."

"कोणीतरी शंका घेतली," बाबा कडाडले. "शंकेच्या जागी देव थांबत नाही."

वरून आईचा आवाज आला. "बोलवू का परत?"

तिने ताडपत्री बाजूला केली. हमालाने झटका बसून हात मागे घेतला. तिने पुन्हा झाकली. हमालाने भीत भीत बोट लावलं, मग तळवा. काही नाही. आता सगळ्यांच्या माना छपराकडे वळल्या. ताडपत्री पांघरली की निघून जाणारा देव त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

आई उतरून आली ती थेट चौरंगापुढे. "वरची ताडपत्री काढायला सांगते. तुम्ही उतरा, पाय धुवा आणि धरा खांब."

"बाबांची परीक्षा घेतेस?"

"माझ्या पोरीला बांधणार होतात. तुम्ही नुसता हात लावा."

बाबांनी ओल्या फरशीकडे पाहिलं आणि पाय वर चौरंगावर ओढून घेतले. बस, तेवढं पुरलं. हमाल पहिला गेला आणि दाराशी आपल्या चपला शोधू लागला.

"आई, मग माझा पाय?" लेकीने विचारलं.

आई तिथेच ओल्यात बसली आणि तिला पोटाशी धरून हमसाहमशी रडली. "तो करंटने हलवला होता गं. तुझा तू अजून हलवायचा आहेस."

संध्याकाळी तिने माळ्यावरून पट्टा काढला, झटकला आणि लेकीच्या पावलाला बांधला. पाय हलला नाही. शेजारीण दारात उभी राहून हळहळली, "आता कोणावर विश्वास ठेवायचा गं माणसाने?"

"बाबाने वचन दिलं होतं," पट्टा ओढता ओढता आई म्हणाली. "डॉक्टरांनी दिलं नव्हतं. ज्याने दिलं नव्हतं, त्याचं ऐकायला हवं होतं मी." आणि लेकीकडे वळली. "चल, पुन्हा एकदा."