जान्हवीची पांढरी साखळी

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आठ दिवस आईनं कुणाकडे काही मागितलं नाही. नवव्या दिवशी सकाळी काळा चष्मा चढवून ती बाल्कनीत आली, स्टूल ओढून अनुपमाच्या दागिने घडवायच्या टेबलापाशी बसली आणि म्हणाली, “जान्हवीची साखळी घेवन ये बघू.”

अनुपमानं हातातली पक्कड खाली ठेवली. हा दिवस येणार हे तिला ठाऊक होतं. आईचा डोळा बरा होतोय म्हणून घाबरणारी लेक मुलुंडमध्ये तरी दुसरी नसेल.

जान्हवी तिची धाकटी बहीण. बोरिवलीला राहायची, नवऱ्याचं नाव सुयोग. चार महिन्यांपूर्वी ती गेली. “झोपेत हार्ट बंद पडलं,” असं आईला सांगितलं होतं, आणि ते तेराव्यापर्यंत टिकलं. तेराव्याला जान्हवीच्या शेजारणीनं आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “सुटली हो बिचारी. काय काय सोसलं तिनं.” आईनं कुणाला काही विचारलं नाही. घरी येऊन फक्त एवढं म्हणाली, “डोळ्याच्या डॉक्टरची तारीख घे.” तीन वर्षं ज्या ऑपरेशनला ती नको नको म्हणत होती, त्याची तारीख तिनं स्वतः मागितली.

का, ते अनुपमाला नीट कळलं होतं.

त्यांच्या घरात थर्मामीटर उशिरा आलं, चांदी आधीपासून होती. आई लग्न होऊन कुडाळकडून मुंबईला आली ती हा समज पदराला बांधूनच: दुखणं अंगात शिरलं की आधी अंगावरची चांदी काळी पडते, माणूस मागाहून पडतं. जान्हवी चौथीत असताना तिच्या गळ्यातली साखळी कोळशासारखी झाली. वडील मिलमधून आल्यावर हसले, “अगं, घाम असेल.” आठ दिवसांनी पोरगी काविळीनं पिवळीधमक. तेव्हापासून आईच्या लेखी डॉक्टरचा नंबर दुसरा. लेकी पन्नाशीला टेकल्या तरी जान्हवी माहेरी आली की आई चहाच्या आधी तिची साखळी चिमटीत धरायची, डोळ्यांजवळ न्यायची, आणि मग म्हणायची, “बरी आहेस. बस.”

वर्षभरापूर्वी एका मंगळवारी आई भजनाला गेलेली बघून जान्हवी आली. कॅन्सरच्या रिपोर्टची पिशवी तिनं टेबलावर अनुपमाच्या हातोडीशेजारी ठेवली.

“आईला सांगायचं नाही, ताई.”

“वेडी आहेस का? असं कसं?”

“बाबांच्या आजारपणात तिचं काय झालं आठवतंय ना? दहा महिने धड जेवली नाही. मी सहा महिन्यांत बरी होते. मग मीच सांगते. दोघी मिळून शिव्या खाऊ.”

“तिला कळेल गं.”

“कशावरून?” जान्हवीनं विचारलं, आणि दोघींची नजर एकाच वेळी तिच्या गळ्याकडे गेली. जान्हवीला हसू फुटलं. त्या पिशवीसमोर ती हसली हे अनुपमा कधी विसरली नाही. “तुझी ती चांदी आहे ना, काळी न पडणारी? तिच्यात हीच साखळी कर. कडी न कडी सारखी. आईला दिसतंय तरी किती!”

अनुपमा दागिने करायला कुणाच्या हाताखाली शिकली नव्हती. पहिली दोन वर्षं तिनं दागिने कमी आणि चांदीचे गोळे जास्त केले. मग कुठूनशी तिला या चांदीची माहिती लागली. नेहमीच्या चांदीत घट्टपणासाठी तांबं घालतात, आणि काळं पडायचं ते बरंचसं त्या तांब्यापायी. हिच्यात तांबं कमी करून जर्मेनियम नावाचा धातू थोडासा घातलेला. वर्ष वर्ष गेलं तरी पांढरी. घाटकोपरच्या प्रदर्शनात ती काचेच्या बरणीत उकडलेलं अर्धं अंडं ठेवायची, शेजारी बाजारातली अंगठी आणि आपली अंगठी. तासाभरात बाजारातली काळवंडायची, हिची नाही. बायका “अय्या!” म्हणायच्या आणि पाकीट उघडायच्या.

साखळीला एकशे बेचाळीस कड्या होत्या. या चांदीला जोडायला वेगळ्या धातूचा डाख लावावा लागत नाही, नुसत्या आचेवर कडीची दोन टोकं एकमेकांत मिसळतात. पण लाल असताना तिला चिमटा लागला तर कचकन तुटते, विझेपर्यंत हात आवरून बसावं लागतं. अनुपमा एकशे बेचाळीस वेळा हात आवरून बसली. इतकं नीट काम तिनं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. खोटं बोलायचं म्हटलं तर हाताला वळण लागतं.

त्यानंतर सात महिने जान्हवी दर दुसऱ्या रविवारी येत राहिली. गळ्यात नवी साखळी, डोक्यावर विग, गालाला थोडी लाली. आई साखळी चिमटीत धरायची, “बरी आहेस. बस,” म्हणायची. आणि त्या सात महिन्यांत मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं नाव दोघी बहिणींपैकी एकीनंही काढलं नाही.

आता सुयोगनं परत दिलेली ती साखळी अनुपमानं कपाटातून आणली आणि आईच्या तळहातावर ठेवली. आईनं चष्मा काढला. उन्हात धरली. एकेक कडी फिरवून बघितली.

“पांढरी हा,” ती म्हणाली.

“हो.”

“सुयोगनं घासून दिल्यान काय?”

अनुपमानं टेबलावरची पक्कड उगाच सरळ केली.

“तू ह्या कामातली. तुका कळात. घासलेली हा ना? ती येयची तेव्हा काळी होती. माकाच दिसला नाय.” आईचा आवाज चढला नाही, हीच पंचाईत होती. “तुम्ही लपवलात, ता लपवलात. पण चांदी माका सांगत होती गो. एवढा तोंडासमोर धरून मी आंधळी बघत बसलंय.”

‘हो, घासलीय’ म्हणायचं की सगळं संपलं. दोन शब्द. आईनं स्वतःच तयार करून हातात दिलेले. ती बोल स्वतःला लावून घेईल, आणि मरेपर्यंत त्या डोळ्यांना शिव्या घालत बसेल.

अनुपमा उठली. टेबलाचा खालचा खण उघडून तिनं कागदाची पुडी काढली आणि आईच्या दुसऱ्या हातावर सोडली. जान्हवीची जुनी साखळी. त्या मंगळवारी नमुन्यासाठी तिच्या गळ्यातून उतरवलेली, तेव्हापासून खणात पडलेली. काळीकुट्ट.

“ही तिची. आणि ती मी केलेली. ती काळी पडतच नाही, आई. कुणाच्याही गळ्यात नाही. म्हणूनच केली.”

आई दोन हातांकडे आळीपाळीनं बघत राहिली. खालच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग तिनं काळी साखळी नाकाजवळ नेली, जशी पूर्वी पोरींची डोकी हुंगायला न्यायची.

“खणात होती?”

“हो.”

“कुणाच्या अंगावर नाय?”

“नाही.”

“तरी काळी पडली.” आईनं मान हलवली. “बघ. हिका कळला.”

बाल्कनीखाली गटार आहे, हवेत गंधक असतं, पुडीच्या रबरबँडमध्येही असतं, आणि चांदी त्यानंच काळी पडते. अनुपमाला हे सगळं माहीत होतं. तिनं उघडा खण लोटून बंद केला.

“माझे डोळे बरे होते तर,” आई म्हणाली. आणि अनुपमाला वाटलं, झालं, एवढ्यावर निभावलं. पण आई हिशोब लावत होती. “सात महिने म्हणजे... गणपतीत पण?”

“हो.”

“गणपतीत मी तिका घावणे काढूक लावले. पन्नास-साठ. मधीच बसली तर मी म्हटलंय, साखळी तर लख्ख हा, आळशीपणाक औषध नाय. हसली गो ती. उठून परत उभी रवली.”

“आई, तुला माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हता कित्याक? तुझ्या हातात कला हा म्हणून!”

हे अनुपमाच्या वर्मी बसलं. आईनं ते मागेही घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं लेकीच्या कामाला कला म्हटलं होतं.

“ती म्हणाली, बरी झाले की सांगेन. मला वाटलं होईल बरी.”

आईनं तिच्याकडे बघितलं, पण जवळ घेतलं नाही. मग तिनं दोन्ही साखळ्या एकाच मुठीत धरल्या आणि विचारलं, “पहिल्यापासून सांग. काय खायची?”

“पेज. कधी नुसतं ताक.”

“कोण करी?”

“सुयोग.”

“तो तांदूळ भाजून घेई?”

“नाही बहुतेक.”

“झोप?”

“इंजेक्शननंतर तीन रात्री नसायची. उलट्या व्हायच्या.”

“तेव्हा पाठ कोण चोळी?”

“सुयोग. मी गेले की मी.”

“तेल लावून?”

“नाही आई. तशीच, कोरडी.”

आईनं डोळे मिटले. नव्या डोळ्यातून पाणी आलं तर डॉक्टर रागावतील म्हणून अनुपमा रुमाल घेऊन पुढे झाली, तर आईनं तिचा हात बाजूला सारला.

“कोरडी नाय चोळूची,” ती म्हणाली. “खोबरेल कोमट करूचा. आधी आपल्या हाताक लावूचा, मग तिच्या मानेक. वरून खाली, हळू. दोन्ही खांद्यांच्या मधे तिका आवडता, थय जरा जास्त वेळ. मग तिचा तीच सांगता, पुरे म्हणून.”

अनुपमा ऐकत राहिली. आई सांगतच होती, किती तेल, कसलं फडकं, आणि झोप लागल्यावर हात कसा अलगद काढून घ्यायचा ते.